धार आणि आवर

देऊळघाटला घराच्या ओसरीत साखळीच्या यांत्रिक करवती दुरुस्त करताना एक प्रश्न कानशीसारखा मनाला घासत राहतो : मी लावलेल्या धारेने उद्या झाड पडले, तर त्यात माझा वाटा किती? १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा ठराविक झाडांसाठी तोडणाऱ्याकडे परवानगी मागतो. धार लावणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

परवा एकजण म्हणाला, “साखळी फिरली की झालं. ब्रेकचं राहू द्या.” पण पात्याचे टोक लाकडाला अडून यंत्र अंगावर उसळले, तर तोच ब्रेक साखळी थोपवतो. मी करवत दिली नाही. कोणते झाड पडेल, हे माझ्या हाती नाही. धारेसोबत आवर देणे मात्र आहे. दिवाळीत मुलाच्या हाती फुलबाजी देऊन आपण त्याचे मनगट धरतो, ते याचसाठी ना?