आजचं चिंतन: मुखवटा कोणाचा? (गीता १२.१५)



नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेला गेलो होतो. दर्शन झालं, पाळण्यात बसून झालं, मग भूतबंगला. मामाचा सात वर्षांचा मुलगा म्हणत होता, "दादा, नको ना." मी म्हटलं, "घाबरट कुठला!" आणि हात धरून आत ओढलं.

आत अंधार, किंकाळ्या आणि अचानक समोर सर्कशीतल्या जोकरचा मुखवटा घातलेला माणूस. पोरगं हमसून रडायला लागलं. मी? मोबाईलवर व्हिडिओ काढत हसत होतो. त्या माणसाने मात्र पटकन मुखवटा काढला. चेहरा घामाने निथळत होता. "बघ बाळा, माणूसच आहे मी," म्हणाला आणि त्याला कडेवर घेऊन बाहेर आणून सोडलं.

रात्री नेहमीसारखी गीता उघडली. बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या लाडक्या भक्ताची लक्षणं सांगतात. त्यात एक असं की त्याच्यामुळे कोणी त्रासत नाही आणि तोही कोणामुळे त्रासत नाही. मी आजवर दुसरं अर्धंच धरून बसलो होतो: आपण घाबरायचं नाही, बस्स! पण आधी येतं ते समोरच्याचं मन.

भीतीतही मजा असते, पण स्वतःहून आत जाणाऱ्याला. तो तर "नको" म्हणाला होता.

व्हिडिओ डिलीट केला. सकाळी सॉरी म्हटलं. त्याने विचारलं, "दादा, ते जोकरकाका परत भेटतील?"

आज झोपताना एवढंच आठवूया: आपल्यामुळे कोण दचकलं?

जय श्रीकृष्ण 🙏