पारड्यात कोणाचे स्वातंत्र्य?

आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. कुठे बाँबस्फोट झाला, कुठे निरपराध माणसे मारली गेली, की मधल्या सुटीत चहाचा पेला हाती घेऊन कोणीतरी ते उच्चारतोच : "थोडे स्वातंत्र्य गेले तर गेले, जीव तर वाचतील!" ह्यावर सहसा कोणी वाद घालत नाही. मीही कधी घातला नाही. जीव आणि स्वातंत्र्य अशी दोन पारडी समोर आली म्हणजे जिवाचे पारडे जड होणार, हे सांगायला तत्त्वज्ञ कशाला हवा? मेलेल्या माणसाला भाषणस्वातंत्र्याचा काय उपयोग?

परंतु ह्या वाक्यात एक पद गाळलेले आहे, आणि व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला ते दिसायला हवे होते. स्वातंत्र्य गेले तर गेले, पण कोणाचे? षष्ठीचा प्रत्यय ज्याला लागायचा तो शब्दच तिथे नाही. तो मला दिसायला पुष्कळ वर्षे लागली. त्याची हकीकत सांगतो.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसे गेली. घरी परतणारी, हातात डबा आणि खांद्याला पिशवी असलेली माणसे. मी तेव्हा पंचविशीत होतो, एका उपनगरातल्या शाळेत नुकताच लागलो होतो, आणि त्याच मार्गाने रोज जात-येत होतो. त्या रात्री मी सुखरूप घरी पोचलो ह्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. पुढे कित्येक दिवस डब्यात चढताना प्रत्येक बेवारशी पिशवीवर नजर जाई, आणि पिशवीवरून ती माणसांवर जाई.

अशाच एका दिवशी माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. शिवणकाम करणारे गृहस्थ. त्यांच्या थोरल्या मुलाला चौकशीसाठी नेले होते. तीन दिवस तो कुठे आहे ह्याचा पत्ता नव्हता. ते मुसलमान होते हे निराळे सांगायला नको. आणि सांगायला नको असे मला वाटते ह्यातच सारे आले. "सर, तुम्ही आम्हांला ओळखता," ते म्हणाले, "दोन ओळी लिहून द्या. घर चांगलं आहे एवढंच. वकिलाला दाखवीन म्हणतो." मी म्हणालो, "थोरल्याला मी कधी पाहिलेलं नाही हो. लिहू काय?" हे खरे होते. खोटे बोललो असतो तर निदान मनाला टोचले असते. खऱ्याच्या आड लपणे फार सोयीचे असते. ते "बरं सर" म्हणून गेले. नवव्या दिवशी मुलगा घरी आला; त्याच्यावर आरोप कसलाही नव्हता. धाकटा मात्र त्यानंतर वर्गात हात वर करीनासा झाला, आणि दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत आलाच नाही.

तेव्हा मला तो गाळलेला शब्द दिसला. तराजूच्या एका पारड्यात मी माझी सुरक्षितता ठेवली होती आणि दुसऱ्यात त्या शिंप्याच्या मुलाचे स्वातंत्र्य. माझ्या पदराला काडीचीही खार लागली नव्हती. वाण्याने काटा मारावा तसा हा व्यवहार. फरक एवढाच की इथे गिऱ्हाईकही आपणच आणि वाणीही आपणच!

स्वातंत्र्यावर बंधनच नको, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. स्टेशनात पिशवी उघडून दाखवावी लागते, विमानतळावर खिसे रिकामे करावे लागतात. ते सर्वांनाच करावे लागते. म्हणून त्यात अपमान नाही, आणि अतिरेक झाला तर सर्वच ओरडतात. ज्या बंधनाचा भार सर्वांवर सारखा पडतो ते सहसा आपोआप मर्यादेत राहते. भीती असते ती दुसऱ्यावर लादलेल्या बंधनाची. कारण ते कितीही वाढले तरी आपला खांदा दुखत नाही.

हे आपल्याला नवे नाही. १८९७ साली पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, त्यानंतर नातू बंधूंना सरकारने १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली स्थानबद्ध केले. खटला नाही, आरोपपत्र नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या जिवाची भीती खोटी होती असे म्हणता येणार नाही. पण त्यांनी पारड्यात टाकले ते स्वातंत्र्य त्यांचे नव्हते, आपले होते. म्हणून आपल्या पणजोबांना त्यातला अन्याय दिसला. १९१९ च्या रौलट कायद्यातही तो दिसला. पारड्यात आपण असलो की दृष्टी कशी स्वच्छ होते!

त्याच इंग्रजांनी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात एक शहाणपण लिहून ठेवले होते : पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा नव्हे. २०२३ च्या नव्या कायद्यानेही तो नियम राखला. परंतु दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारी ह्यांच्यासाठी केलेल्या खास कायद्यांनी, म्हणजे १९८७ च्या टाडाने, १९९९ च्या महाराष्ट्राच्या मकोकाने, २००२ च्या पोटाने, त्याला अपवाद केला. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा जबाब चालेल, असे ठरले. आपण हरकत घेतली नाही. तो जबाब आपण थोडाच देणार होतो?

त्याची किंमत कोणी मोजली ते पाहावे. लोकलगाड्यांच्या खटल्यात मकोकाखाली २०१५ साली बारा जण दोषी ठरले. पाचांना फाशी, सातांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले आणि ते कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. त्यांतला एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने हा निकाल पूर्वोदाहरण मानू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत आत धाडले नाही. अपिलाचे काय व्हायचे ते होवो. ज्यांची माणसे त्या संध्याकाळी परतली नाहीत त्यांना एकोणीस वर्षांनी उच्च न्यायालयातून मिळाले ते एवढेच, की गुन्हा शाबीत झालेला नाही. उच्च न्यायालय म्हणते तसे हे बारा जण निर्दोष असतील, तर इतकी वर्षे आपण निर्धास्त होतो ती कशाच्या जोरावर? चुकीचा माणूस आत असतो तेव्हा बरोबरचा बाहेर असतो. म्हणजे त्या पारड्यात टाकलेले स्वातंत्र्य तर गेलेच, आणि त्याच्या मोबदल्यात जी सुरक्षितता मिळाली असे वाटले तीही नाणे वाजवून न पाहता घेतलेली होती.

ह्याच्या शेजारी २६ नोव्हेंबर २००८ ठेवावा. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे ह्यांच्या हाती लाठी होती आणि समोर बंदूक. स्वतः गोळ्या झेलून त्यांनी अजमल कसाबला धरले, म्हणून तो जिवंत सापडला. त्याला वकील देऊ नये, चौकात फाशी द्यावी, असे तेव्हा पुष्कळजण म्हणत होते. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही. परंतु त्याला वकील मिळाला. त्याचा कबुलीजबाब मॅजिस्ट्रेटपुढे झाला, साक्षीपुरावे झाले, अपिले झाली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला येरवड्याला फाशी झाली. त्याच खटल्यात सहआरोपी असलेले दोन भारतीय मात्र पुराव्याअभावी सुटले, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते सुटणे कायम केले. ज्याच्याविषयी कोणालाच संशय नव्हता त्याला रीतसर न्याय दिल्याने आपली सुरक्षितता कमी झाली काय? उलट, काय घडले ते जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले.

म्हणून मला वाटते, स्वातंत्र्य आणि सुरक्षितता ही दोन पारडी नव्हेतच. वकील, मॅजिस्ट्रेट, उघडा खटला, ठरलेली मुदत ही आरोपीला दिलेली दक्षिणा नव्हे. खरा गुन्हेगार हुडकण्याची ती साधने आहेत. पोलिसांना अधिकार हवेत, गुप्त वार्ता हव्यात, प्रसंगी झडपही घालता आली पाहिजे. त्याला ना नाही. परंतु जो कायदा मी उद्या माझ्या स्वतःच्या मुलाला लावू देईन, तेवढाच तो दुसऱ्याच्या मुलाला लावावा. ह्याहून सूक्ष्म कसोटी मला सुचत नाही.

ही कसोटी मी स्वतः पार केलेली नाही. त्या गृहस्थांना दोन ओळी लिहून देण्याने फार तर माझी कोणी विचारपूस केली असती. तेवढेच माझे स्वातंत्र्य पारड्यात पडले असते, आणि तेवढेही मी टाकले नाही. आज त्या ओळी मला तोंडपाठ आहेत : "हे कुटुंब माझ्या परिचयाचे आहे. धाकटा मुलगा माझा विद्यार्थी असून गुणी आहे." लिहायला मिनिटदेखील लागत नाही. मागायला मात्र कोणी आलेले नाही.