आपलं काम कोणतं?

हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक व्हायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं. खाटेवर आजोबा, शेजारी आपण, त्यांचा हात आपल्या हातात. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी ‘इथे का यावंसं वाटलं?’ असं विचारलं की उत्तरंही त्याच चित्रातून येतात. कोणी आईचं आजारपण काढलेलं असतं, कोणाला निवृत्तीनंतरचा वेळ सत्कारणी लावायचा असतो. ही भावना खरी असते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण या कामात बरीच वर्षं गेल्यावर माझं मत असं झालं आहे की हळव्या माणसापेक्षा ठरल्या वेळेला येणारा माणूस इथे जास्त मोलाचा. गुरुवारी चारला येतो असं सांगितलं, की पेशंट जेवण झाल्यापासून दाराकडे बघत असतो. पुढच्या गुरुवारची त्याला खात्री नसते.

घरातलं कोणी नुकतंच गेलं असेल तर बऱ्याच ठिकाणी वर्षभर थांबायला सांगतात. काहींना त्याचा राग येतो. पण ताजं दुःख घेऊन खाटेपाशी बसलं, की आजारी माणूसच आपली समजूत काढायला लागतो. तेवढी ताकद त्याच्याकडे उरलेली नसते.

प्रशिक्षणातल्या बाकी गोष्टी ऐकायला साध्या वाटतात. आत जाण्याआधी ‘येऊ का?’ विचारा. उभ्याने बोलू नका, खुर्ची ओढून बसा, म्हणजे झोपलेल्या माणसाला मान उचलावी लागत नाही. औषध द्यायचं नाही. पाणीसुद्धा सिस्टरला विचारल्याशिवाय नाही, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असली तर घोटभर पाणीही श्वासनलिकेत जातं. ओठ सुकले असतील तर गॉजचा तुकडा पाण्यात बुडवून, नीट पिळून, ओठांवरून हलकेच फिरवायचा. कानावर पडलेलं बाहेर न्यायचं नाही. आणि कुठे दुखतंय असं पेशंट आपल्यापाशी बोलला, तर ते लगेच सिस्टरच्या कानावर घालायचं. डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ म्हणणारी माणसं तिऱ्हाइतापाशी खरं बोलतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

सगळ्यात अवघड धडा वेगळाच असतो. आपल्याकडे पेशंटला आजाराचं नाव न सांगण्याची रीत अजून घट्ट आहे. मुलगा व्हरांड्यात गाठून हात जोडतो, ‘बाबांना काही बोलू नका हं.’ आत गेल्यावर बाबा विचारतात, ‘मला घरी कधी सोडणार?’ खोटं बोलायचं नाही आणि जे सांगायचं ते आपण सांगायचं नाही, या दोन्हींच्या मधे उभं राहायला शिकावं लागतं. ‘तुम्हाला काय वाटतं, काका?’ एवढं विचारून गप्प बसायचं. मग काका बोलतात. कित्येकदा त्यांना सगळं माहीत असतं आणि ते मुलाला सांभाळत असतात. त्यानंतर डॉक्टरांना कळवायचं, पुढचं बोलणं त्यांचं. प्रशिक्षणात पेशंट आणि स्वयंसेवक अशा भूमिका करून याचा सराव करतात तेव्हा चांगली बोलकी माणसंसुद्धा अडखळतात. त्यात गैर काही नाही.

इथेच एकेकाच्या लक्षात येतं की खाटेपाशी बसणं आपल्याला झेपणार नाही. दुःख याचं वाटतं की त्यातले कितीतरी जण ‘आपण या कामाला योग्य नाही’ असं ठरवून निघून जातात. त्यांना थांबवायला हवं. सिसिली साँडर्स यांची हकिगत मी त्यांना सांगते. लंडनमध्ये त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं, पण पाठीच्या दुखण्याने ते काम सोडावं लागलं. मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. वॉर्सातून आलेला एक पेशंट शेवटच्या दिवसांत त्यांच्याशी बोलत असे; १९४८ मध्ये तो गेला. जाताना मरणासन्न माणसांसाठीच्या घराला म्हणून त्याने पाचशे पौंड ठेवले. त्यानंतर सिसिलीबाई संध्याकाळी एका हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्या. तिथे वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक तासांनी मॉर्फीन देत असत आणि पेशंट शुद्धीत, शांत असत. हे त्यांनी जवळून पाहिलं. पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९५७ मध्ये, चाळिशीला टेकताना, त्या डॉक्टर झाल्या. त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं १९६७ साली. आपलं काम सापडायला त्यांना एवढी वळणं घ्यावी लागली आणि त्यातलं एकही वाया गेलं नाही.

वेदना नुसती शरीराची नसते. मनाची, घरसंसाराची, श्रद्धेची अशी ती चारी बाजूंनी असते, हा विचारही त्यांचाच. तो मला पुरता समजला एका शेतकरी पेशंटमुळे. तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशननंतर बोलणं गेलेलं, वहीवर लिहून दाखवायचे. मॉर्फीनचा डोस बरोबर बसला होता तरी रात्रभर तळमळायचे. एका दुपारी त्यांनी वहीत ‘सातबारा’ एवढंच लिहिलं आणि पेन्सिल आपटली. आमच्याकडे तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेल्या एक ताई होत्या. रुग्णाजवळ बसवत नाही म्हणून त्या ऑफिसात फायली लावायच्या. त्यांना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि थेट विचारलं, ‘दादा, जमीन वडिलार्जित की स्वतः घेतलेली? नावं किती लागलीत?’ तासभर प्रश्न आणि वही असं चाललं. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली होती आणि ती बायकोला मिळावी एवढीच त्यांची इच्छा होती. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, ज्याला मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नाही, हे सगळं ताईंनी त्यांना आणि वहिनींना समजावलं. स्वतः मात्र सही केली नाही; स्वयंसेवकाने पेशंटच्या कागदांवर सही करायची नसते. गावाहून दोघे जण आले, डॉक्टरांनी पेशंट पूर्ण भानावर असल्याचं लिहून दिलं. त्या रात्री ते झोपले.

ताईंना खाटेपाशी बसणं जमत नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. बसण्याला काही कारण लागतं, काही माणसांना हातात काम असलं की बसता येतं.

सलूनवाले एक काकाही असेच. गप्पा मारायला त्यांना सुचत नाही, पण दर सोमवारी येऊन दाढ्या करतात. रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील तर वस्तरा चालत नाही, जखम झाली तर रक्त थांबत नाही. म्हणून आधी सिस्टरकडून नावांची यादी घेतात आणि तेवढ्यांना ट्रिमर लावतात. दाढी झाल्यावर आरसा समोर धरायचा की नाही, हे प्रत्येकाला आधी विचारतात. हे त्यांना आम्ही शिकवलेलं नाही.

भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला, १९८६ मध्ये सुरू झालं: डॉ. लुईस डिसोझा यांचं शांती आवेदना सदन. नंतर गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. पण स्वयंसेवकांच्या बाबतीत शिकायचं तर केरळकडे बघावं. तिथे १९९३ मध्ये कालिकतला काम सुरू झालं आणि पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच जाळी उभी राहिली. आठवड्याचे निदान दोन तास देऊ शकणाऱ्या कोणालाही घेतात, सोळा तासांचं शिक्षण देतात, चार दिवस अनुभवी माणसांबरोबर पाठवतात. घरी जाऊन पेशंटची विचारपूस करणं आलं, तसंच त्या घरात तांदूळ आहेत का, मुलं शाळेत जातात का, हे बघणंही आलं. पेशंट हॉस्पिसपर्यंत येण्याची वाट बघायची नाही, त्याच्या दारात जायचं. आपल्याकडे खेडोपाडी हेच हवं आहे, कारण घर सोडून शहरातल्या खाटेवर यायला अनेकांची तयारी नसते आणि ऐपतही नसते.

म्हणून नवीन आलेल्यांना मी आता ‘इथे का यावंसं वाटलं?’ हे शेवटी विचारते. त्याआधी विचारते, रोज काय करता, काय चांगलं येतं. गाडी चालवता येते, मऊ भात रांधता येतो, कानडी किंवा उर्दू बोलता येते, बँकेचे फॉर्म भरता येतात, लहान मुलं रमवता येतात. सध्या आम्हाला बुधवारी दुपारी घरभेटींसाठी गाडी चालवणारं कोणीतरी हवं आहे. सिस्टर आत ड्रेसिंग करत असतात तेव्हा बाहेर ओट्यावर बसलेल्या सुनेशी दोन शब्द बोलता आले, तर फारच उत्तम.