एकदाच म्हटलेलं

घरातलं गाणं पुन्हा म्हणून सुधारत नाही. सुधारायचं कशाबरहुकूम? त्याची मूळ प्रत कुठेच नसते.

जात्यावरची ओवी घ्या. मुळशीत एक शब्द, परभणीत दुसरा. बाई तीच, पण काल ओवीत भाऊ होता, आज बाप येतो. लोकगीतांचे अभ्यासक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतली बरोबर कोणती, असं विचारणंच चूक. किती म्हणायचं हेही सुपातली ज्वारी ठरवते. दळण सरलं की ओवी सरली. जात्याची घरघर स्टुडिओत गाळून टाकतील, पण ओवीची लय तिथूनच येते.

चित्रपटगीताचं वेगळं. तिथे चाल बांधलेली असते. तिच्यासाठी दहादा गावं.

आजी मोबाइलसमोर पहिल्यांदा म्हणते तेव्हा अडते, आठवते, भलतीच ओळ जोडते, मध्येच ‘हे माझ्या आत्याचं’ म्हणून सांगते. आपण म्हणतो, ‘आजी, पुन्हा म्हण ना, नीट.’ मग ती पदर सावरते, घसा साफ करते. आता शब्द स्वच्छ येतात. पण जिथे ती अडली होती ती ओवी या खेपेला ती वगळते. आत्याही जाते. जे अर्धवट आठवत होतं, म्हणजे जे सगळ्यात आधी हरवणार होतं, नेमकं तेच आपण नीटपणापायी गमावतो.

म्हणून पहिलं ध्वनिमुद्रण पुसू नये. पंखा वाजू दे, कुकरची शिट्टी होऊ दे.

गायिका गौहरजान १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनच्या तबकडीसाठी गायल्या. मेणावर कोरलेलं आजच्यासारखं सहज पुसता येत नसे. पुन्हा गायचं तर नवं मेण लागे. जेमतेम तीन मिनिटांत सगळं बसवायचं. आता पुसायला काहीच खर्च नाही, म्हणून हात लगेच तिकडे जातो.

गौहरजान यांची एक गोष्ट मात्र उचलावी. मूळ ध्वनिमुद्रणं तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. गाणं कुणाचं ते तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून गाणं संपताच त्या आपलं नाव मोठ्यानं सांगत. आपल्या फोनमधले कितीतरी आवाज निनावी पडून आहेत. आजीकडूनही एवढं बोलून घ्यावं: नाव, माहेर, सासर, ओवी कुणाकडून आली. ते नीट ऐकू आलं नाही, तर तेवढं जरूर पुन्हा विचारावं.