हकिकत कोण सांगणार?

दवाखान्यातल्या टेबलावर कुत्रा उभा असतो आणि प्रश्न मात्र आपल्याला विचारले जातात. खाणं कधीपासून सोडलं? उलटी कशी होती? जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? रेबीजची लस? मागच्या खेपेला वजन किती भरलं होतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपण धडाधड देतो, कारण ती कालपरवाची गोष्ट असते. तिसऱ्या प्रश्नापासून सूर बदलतो. "दिवाळीच्या आसपास दिलं असेल." "हिला विचारून सांगतो." "लस दिलीय हो डॉक्टर, कार्ड घरी राहिलं." माणूस आजारी पडला तर आपली हकिकत निदान अर्धीमुर्धी तरी स्वतः सांगतो. जनावराची सगळी हकिकत दुसऱ्याच्या आठवणीवर उभी असते, आणि आपली आठवण ही अशी मोघम.

या मोघमपणावर उतारा म्हणून पाळीव प्राण्यांची काळजी आणि आरोग्याच्या नोंदी सांभाळणारी अ‍ॅप निघाली आहेत. त्यातलं एखादं निवडायला बसलं की भांबावायला होतं. एकात फोटोंचा अल्बम सुरेख, दुसऱ्यात वाढदिवसाचं कौतुक, तिसऱ्यात खाऊचं दुकान आणि डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सोय. डोळ्यांना जे आवडलं ते घेऊन आपण मोकळे होतो. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: यातल्या नोंदी वाचणार कोण आहे?

आपणच, असं आपण धरून चालतो. पण रोज त्या प्राण्याबरोबर राहणाऱ्याला नोंदीची गरज त्यातल्या त्यात कमी असते, आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे त्यांची स्वतःची फाइल असते. नोंद खरी कामाला येते ती हे दोघंही हजर नसतात तेव्हा. आपण लग्नाला गावी गेलेलो असतो, कुत्रा शेजाऱ्यांकडे असतो, रविवारची रात्र असते आणि उघडा सापडलेला दवाखाना अनोळखी असतो. तिथल्या डॉक्टरांना हवं असतं थोडकंच: वय, वजन, लसींच्या तारखा, चालू असलेली औषधं आणि न सोसणारं औषध कोणतं. या पाच गोष्टी शेजाऱ्यांच्या फोनवर, आपल्याला फोन न करता, मिनिटभरात सापडत असतील तर अ‍ॅप चांगलं. आधी पासवर्ड, मग ओटीपी आणि तोही आपल्याच फोनवर येणार असेल, तर सगळं मुसळ केरात.

या पाचांत सर्वांत दुर्लक्षित असतं ते वजन. औषधाची मात्रा बहुधा किलोमागे इतके मिलिग्रॅम अशी ठरते, म्हणून डॉक्टर आधी काट्याकडे बोट दाखवतात. पण वजनाचा त्याहून मोठा उपयोग घरी असतो. 4 किलोच्या मांजराचं वजन 400 ग्रॅमनी उतरलं तर दाट केसांखाली ते दिसतही नाही. तो त्याच्या अंगाचा दहावा हिस्सा असतो; 60 किलोचा माणूस 6 किलोंनी उतरला तर घरात केवढी धावपळ होईल! म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार असाच सावकाश येतो आणि पुष्कळदा पहिली चाहूल वजनातच लागते. मांजराला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, एवढंच काम. काटा 100 ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. महिन्याकाठी लिहिलेल्या अशा आकड्यांची उतरती रेघ ज्या अ‍ॅपमध्ये एका नजरेत दिसते, ते अल्बमवाल्या अ‍ॅपपेक्षा कधीही सरस.

लसींच्या बाबतीत रिमाइंडर कामाचे आहेत, यात शंका नाही. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिला डोस देतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुढचे देत जातात. "इतक्यांदा कशाला?" असं अनेकांना वाटतं. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेलं संरक्षण अंगात शिल्लक असेपर्यंत ते लसीचाच परिणाम हाणून पाडतं, आणि ते नेमकं कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने द्यावे लागतात आणि मधला एक चुकला तर पार्व्होसारख्या रोगाला फट मिळते.

तरीही "लस दिली" असं आपण अ‍ॅपमध्ये टाइप केलं म्हणून ती गोष्ट दुसऱ्या कुणाला मान्य होतेच असं नाही. दवाखान्यातून मिळालेलं लसीचं पुस्तक उघडून पाहा. डॉक्टर कुपीवरचं लेबल सोलून तिथे चिकटवतात. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. शेजारी तारीख, सही आणि शिक्का. महापालिकेचा परवाना काढताना किंवा प्रवासाला निघताना मागतात ती ही सही-शिक्क्याची नोंद. तेव्हा त्या पानाचा स्वच्छ फोटो ज्या अ‍ॅपमध्ये तारखेसकट ठेवता येतो ते घ्यावं, आणि अ‍ॅप घेतलं म्हणून पुस्तक रद्दीत घालू नये.

कधी कधी तर तारखांचा क्रमच सगळं ठरवतो. मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि मागून तिचा कुत्रा पाठवायचा आहे, असं आता पुण्या-मुंबईतल्या घरांत घडतं. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर कातडीखाली ओळखीची चिप आधी बसवलेली हवी आणि रेबीजची लस त्यानंतर दिलेली हवी. उलट क्रमाने दिलेली लस तिथे धरत नाहीत. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावं लागतं, त्यात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं मिलिलीटरमागे किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरावी लागतात, आणि रक्त घेतल्यापासून 3 महिने थांबावं लागतं. इथे "सगळ्या लसी वेळच्या वेळी झाल्यात" हे वाक्य कवडीच्या कामाचं नाही. चिप कोणत्या तारखेला बसवली हे लिहायची जागाच अ‍ॅपमध्ये नसेल, तर ऐन वेळी तिकीट पुढे ढकलायची पाळी येते.

चिपवरून आणखी एक गोष्ट. कातडीखालच्या त्या चिपमध्ये मालकाचं नाव, पत्ता, औषधं असं काही नसतं. असतो तो फक्त एक क्रमांक, बहुधा 15 आकडी. तो कुणाचा, हे कुठल्या तरी कंपनीच्या यादीत लिहिलेलं असतं. 2025च्या सुरुवातीला 'सेव्ह धिस लाइफ' ही चिपच्या नोंदी ठेवणारी अमेरिकी कंपनी अचानक बंद पडली. कुत्र्या-मांजरांच्या अंगातल्या चिप शाबूत होत्या, यंत्राने क्रमांक वाचताही येत होते, पण क्रमांकापुढचं मालकाचं नाव सांगायला कुणी उरलं नाही. लोकांना चिपची नोंदणी दुसरीकडे नव्याने करावी लागली. पाळलेला कुत्रा बारा-चौदा वर्षं आपल्याबरोबर असतो. तितकी वर्षं एखादं अ‍ॅप चालेल याची हमी कोण देणार? म्हणून नवं अ‍ॅप घेतलं की चार नोंदी भराव्यात आणि लगेच त्या बाहेर काढून बघाव्यात. पीडीएफ निघून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आली तर पुढे जावं. भरायला दहा बटणं आणि काढायला एकही नाही, असं असेल तर तिथूनच नमस्कार करावा.

आपल्या रस्त्यांवर याहून जुन्या चालीची एक नोंद फिरत असते. नसबंदी आणि रेबीजची लस झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडून त्याला परत त्याच्या गल्लीत सोडतात. त्या कुत्र्याला मालक नाही, फाइल नाही. पण नसबंदीसाठी कुत्री पकडायला आलेला माणूस लांबून कान पाहतो आणि त्याला गाडीत न घालता पुढे जातो. लस कधी दिली हे त्या खाचेतून कळत नाही, वर्षाने ती पुन्हा द्यायची हेही कळत नाही. तिचं सांगणं एवढंसंच आहे, पण ते परक्याला वाचता येतं आणि कुत्र्याबरोबर सगळीकडे जातं. महागड्या अ‍ॅपकडून आपण निदान इतकी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

"आमचा टायगर माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही," हे वाक्य आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या जिव्हाळ्याचं कौतुक आहेच. पण त्याची माहितीसुद्धा आपल्याशिवाय कुणाला मिळत नसेल, तर आपण फोनच्या रेंजबाहेर असताना त्या जिव्हाळ्याची किंमत टायगरला मोजावी लागेल. तेव्हा अ‍ॅप कुठलंही निवडा. त्यात घरातल्या किंवा शेजारच्या आणखी एका माणसाचं नाव आजच घाला, आणि उद्या त्यालाच विचारा की टायगरला रेबीजची लस कधी दिली होती. उत्तर फोनकडे पाहून लगेच आलं, तर निवड बरोबर झाली असं समजायला हरकत नाही.