सूर राहिला, नावाचं काय?

दोन नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, मरोळपासून बोरिवलीच्या आयसी कॉलनीपर्यंतची ख्रिस्ती कुटुंबं आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. चर्चमध्ये दिवंगतांसाठी प्रार्थना होते. मुंबईच्या जुन्या जॅझ वादकांच्या आठवणी निघाल्या की याच श्रद्धेतला एक प्रश्न समोर येतो: सूर टिकला, तर नाव टिकायलाच हवं का?

यातले कितीतरी वादक गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकून आले. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी संगीत दिलेल्या ‘अलबेला’त (१९५१) ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट चक्क पडद्यावर दिसतात. त्यांचं मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. त्यांच्या मागच्या रांगेत वाजवणाऱ्यांची नावं मात्र ना तबकडीवर आली, ना श्रेयनामावलीत.

सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस पुढे भक्तिसंगीताकडे वळले. वादन देवाला वाहिलं, मग नावाचा हट्ट कशाला, असं कुणी म्हणेल.

हे पटत नाही. अहंकार गळून पडावा म्हणून आयुष्य वेचणाऱ्या वारकरी संतांनीही अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवलीच. त्यामुळेच जनाबाई आणि चोखोबा आज आपल्याला नावानिशी भेटतात.

तुमच्या इमारतीत, ओळखीत असा एखादा वृद्ध वादक असेल, तर कुठल्या गाण्यात शेजारच्या खुर्चीवर कोण होतं, हे त्यांना विचारा आणि नावं आजच लिहून ठेवा.