नेमाची मर्यादा

राजा दशरथाच्या हातून श्रावण मारला गेला, ती कथा आम्ही सर्वांनी बाळपणी ऐकली आहे. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे आमचे लक्ष सहसा जात नाही. दशरथाचा नेम चुकला नव्हता. शब्दवेधी बाण जेथे जावयाचा तेथेच गेला. दोष धनुर्विद्येत नव्हता. पलीकडे काय आहे हे न जाणता बाण सोडला, यात होता. अचूक नेम आणि निर्दोष कृत्य या दोन गोष्टी एक नव्हेत. अमेरिकेतील शिकाऱ्यांमध्ये चाललेला एक वाद वाचताना आम्हांस या कथेची वारंवार आठवण झाली.

वाद आहे एल्क नावाच्या हरणाच्या शिकारीचा. रॉकी पर्वताच्या अरण्यांत व कुरणांत राहणारे हे जनावर आपल्या सांबराच्या कुळातले, पण सहसा त्याहून थोराड. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्याही वर भरतो. परवाना काढून त्याची शिकार करणे तेथे कायद्यास संमत आहे. एवढ्या मोठ्या देहास फार यातना न होता मरण यावे, तर गोळी कोणती असावी, हा एक प्रश्न. आणि ती किती अंतरावरून झाडावी, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नात एक विलक्षण विरोध आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात, शरीरात शिरताच फुलणारी गोळी तयार झाली. अशी गोळी युद्धात वापरू नये, असे १८९९ साली हेग येथील परिषदेत ठरले. कारण तिची जखम अमानुष. उलट कोलोराडो राज्यात एल्कवर झाडावयाची गोळी फुलणारीच असली पाहिजे, असा नियम आहे! शत्रूचा सैनिक जखमी होऊन लढाईतून दूर झाला की युद्धाचा हेतू साधतो. जनावर मात्र नुसते जखमी होऊन राहणे, हीच त्याच्या बाबतीतली क्रूरता. वस्तू एकच, प्रसंग पालटताच तिचा न्यायही पालटतो.

परंतु या गोळीची दयासुद्धा वेगावर अवलंबून असते. फार मऊ गोळी जवळून खांद्याच्या हाडावर आदळली, तर वरच्यावरच फुटून जाते. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीत जॉन नॉस्लर यांस असाच अनुभव आला, आणि त्यांनी मध्ये पडदा असलेली गोळी घडविली. तिचा पुढचा भाग फुलतो व मागचा शाबूत राहून आत शिरतो. याच्या उलट, मंदावलेली गोळी मुळीच न फुलता बारीक भोक पाडून निघून जाते. बंदुकीतून सेकंदास ३००० फूट वेगाने सुटलेली गोळी १००० यार्डांवर बहुधा २००० फुटांच्या खाली आलेली असते. आणि पुष्कळ गोळ्या १८०० च्या खाली नीट उमलत नाहीत.

आता अंतराचा विचार करू. १००० यार्ड जावयास गोळीस सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात चरणाऱ्या एल्कने एक पाऊल पुढे टाकले, तर काळजावर धरलेला नेम पोटात बसतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला पाच-सहा फूट बाजूस नेतो. वाऱ्याचा अंदाज दोन मैलांनी चुकला, तरी फुटाचा फरक पडतो.

यावर दूरच्या नेमाचे पुरस्कर्ते म्हणतात, ‘धापा टाकीत उभ्याने २०० यार्डांवरून गोळी झाडणाऱ्या नवशिक्यापेक्षा, आडवे पडून ६०० यार्डांवरून झाडणारा कसलेला नेमबाज अधिक दयाळू नव्हे काय?’ हा आक्षेप खोटा नाही. आम्हांस वाटते, त्यामुळे केवळ अंतराचा आकडा हे पापपुण्याचे माप होऊ शकत नाही, एवढेच सिद्ध होते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापिलेला बून अँड क्रॉकेट क्लबही दूरच्या नेमबाजीने जनावराची संकट ओळखण्याची नैसर्गिक शक्तीच निरुपयोगी होते असे म्हणतो. मात्र सर्वांस लागू असा एक आकडा तो सांगत नाही.

मग माप कोणते? नेमबाजाचे कौशल्य कितीही वाढले, तरी त्या दीड सेकंदावर त्याची सत्ता नाही; तो काळ जनावराचा आहे. शिवाय गोळी सुटल्यावर शिकाऱ्याचे कर्तव्य संपत नाही, तेथे ते सुरू होते. जनावर उभे होते तेथे जाऊन रक्ताचा थेंब, मोडलेले गवत शोधावे, आणि जखमी झाले असल्यास माग काढून त्याच्या यातना संपवाव्यात, हा शिकारीचा जुना धर्म. मध्ये दरी असली, तर पलीकडे पोहोचावयास तास लागतो. नेमकी जागाही सापडत नाही. मग ‘नेम हुकला’ असे म्हणून माणूस परततो, आणि पोटात गोळी घेऊन गेलेले जनावर कोणाच्याच हिशेबात येत नाही.

म्हणून आम्हांस असे वाटते की, जेथवर आपण पायी जाऊन आपल्या कृत्याचे फळ डोळ्यांनी पाहू शकतो आणि पाहण्यास तयार असतो, तेथवरच आपला नेम धरावा. दशरथ अपराधी होता. तथापि हाक ऐकताच तो धावत नदीकाठी गेला, मरणाऱ्या मुलाजवळ बसला, आणि आंधळ्या मातापित्यांसमोर स्वतःच्या तोंडाने अपराध सांगितला. ज्यास तेवढेही करावयाचे नाही, त्याने धनुष्य खाली ठेवावे.